औषधांच्या दुकानातला जनरल

‘मेक्सिकन क्रांतीतले गव्हर्नर म्हणजे नुसते बंदूकवाले’ असं म्हटलं जातं; त्याला एक अपवाद जोडतो: जनरल साल्वादोर आल्वारादो. गडी मूळचा औषधांच्या दुकानातला! १९१५ ते १९१८ मेक्सिकोतल्या युकातान राज्याचा गव्हर्नर. तिथे हेनेकेनच्या, म्हणजे वाख देणाऱ्या घायपातीसारख्या झाडाच्या, मळ्यांवर स्थानिक माया जमातीचे मजूर कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले. त्या वाखाच्या सुतळीने अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधल्या जात, पैसा मळेवाल्यांकडे. आल्वारादोने ती कर्जं रद्द केली, वाखाची विक्री सरकारी मंडळाकडे घेतली. जानेवारी १९१६ मध्ये युकातानची राजधानी मेरिदा इथल्या नाट्यगृहात स्त्रियांची परिषद भरवली. आलेल्या बहुतेक शिक्षिका. हुकूम मात्र वरूनच सुटायचे, हेही खरं. आपल्या मानवेंद्रनाथ रॉयांनी १९१७ ला मेक्सिको गाठलं, तेव्हा खिशात याच्याच नावची ओळखचिठ्ठी होती. आल्वारादो मेक्सिकोतल्या १९२४ च्या बंडात मारला गेला.