पॅनेलखाली हळद लावणार कोण?

वावरवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘जमीन सोलरला द्या, खाली हळद लावा, दुहेरी उत्पन्न घ्या.’ त्यांनी आमच्या सबस्टेशनजवळचा प्रकल्प येऊन बघावा. पॅनेलची खालची कड गुडघ्याला लागते. ट्रॅक्टर सोडा, बैलाचं औतही वळत नाही. पावसाचं पाणी त्या कडेवरून एकाच रेषेत पडतं, तिथे चर पडलेत. खाली उगवतं ते गवत, तेही तणनाशक मारून जाळतात.

बसमतकर: ते पोस्ट माझंच. साधा प्रकल्प बघून उंच मांडणीला, म्हणजे उंच खांबांवर पॅनेल बसवून खाली पीक घेण्याला, नावं ठेवू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठात, जोधपूरच्या काझरीत (कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत) पॅनेलसोबत पिकांचे प्रयोग झालेत. जपानने २०१३ साली पिकाच्या रानात पॅनेलला परवानगी देताना अट घातली, उत्पादन त्या भागाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. आणि हळद आमच्याकडे झाडांच्या सावलीतही येते.

वावरवाला: हळदीचं सोडून दिलं. कापूस-सोयाबीनला ऊन लागतं, त्याचं काय? उंच सांगाड्याला लोखंड जास्त, वाऱ्याचा मारा जास्त. तो पैसा कोण घालणार?

राधा_सेलू: सगळे मालकाचंच बोलताय. शेतीला दिवसा वीज देण्याच्या सरकारी सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरसाल ३ टक्के वाढ. मिळतं कुणाला? सातबारावर नाव असेल त्याला. माझ्या वडिलांनी एकाच मालकाचं रान वर्षानुवर्षं बटईने केलं. रान सोलरला गेलं ते फोनवर कळलं. कागद नाही, भरपाई नाही.

पुण्यातला_मालक: आमच्यावर घसरू नका. कोरडवाहूत खर्च वजा जाता काय उरतं, ते तुम्हालाही माहीत आहे. बटई लिहून दिली की कूळ लागायची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क बसायची भीती. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यात कुणाकुणाच्या जमिनी गेल्या, ते आम्ही घरात ऐकलंय.

राधा_सेलू: भीती तुमची आणि रान गेलं आमचं! सत्तर वर्षांपूर्वीचा हिशोब माझ्या बापाकडून का वसूल करताय?

बसमतकर: अहो, धागा हळदीचा आहे.

राधा_सेलू: हळद लावणार कोण, तेच विचारतेय दादा! फाटकाला कुलूप, चावी कंपनीकडे. पॅनेल दहा फुटांवर नेले तरी आत शिरायचा हक्क भाडेपट्ट्यात नसेल तर पीक घ्यायचं कसं?

वावरवाला: ताईंचं बरोबर आहे. मी सोलरविरोधी नाही. दिवसा लाईट मिळायला लागल्यापासून रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटारीवर जाणं थांबलंय. पण दुहेरी उत्पन्नाचं गाजर नको.

बसमतकर: पट्ट्यात पिकाचा हक्क आणि कसणाऱ्याचं नाव हवं, हे मान्य करतो. पण गाजर म्हणू नका. आधी परभणीला जाऊन बघा, मग भांडू.