मदत हवी आहे : ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या गोष्टीवरून सगळे विषय शिकवताना आलेल्या अडचणी

नमस्कार,

मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि तिच्या भोपळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ही एकच गोष्ट घेऊन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे तिन्ही विषय काही आठवडे शिकवावेत, असे मी यंदा ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कथाकथनातून विषय शिकवण्यावर भर दिलेला आहेच, परंतु माझे कारण अधिक साधे होते. माझ्या वर्गातील बरीच मुले घरी वैदर्भी बोली, हिंदी किंवा गोंडी बोलतात आणि पुस्तकातील मराठी वाचताना अडखळतात. ‘म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक’ ही ओळ मात्र सगळा वर्ग एका ठेक्यात म्हणतो.

कॉटन मार्केटमधून मी एक लाल भोपळा वर्गात नेला. पहिला वाद नावावरूनच झाला, कारण निम्म्या मुलांच्या घरी त्याला कोहळं म्हणतात आणि त्याची तळून बोंडं करतात. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, आणि तो भाषेचा तास मनासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी सुतळीने भोपळ्याचा घेर मोजला, तो ९२ सेंटीमीटर भरला. वजन ७ किलो झाले. तेवढ्यात एका मुलाने विचारले, “मॅडम, यात म्हातारी मावंल कशी?” मग एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली, तिच्याभोवती उभी सुतळी फिरवली, आणि ती १ मीटर ८४ सेंटीमीटर भरली, म्हणजे बरोबर दुप्पट. त्यावर साऱ्या वर्गाने एका आवाजात उत्तर दिले की १४ किलोचा भोपळा पुरेल. घेर दुप्पट झाला की आकारमान आठपट होते आणि असा भोपळा ५६ किलोच्या आसपास भरेल, हे मला ठाऊक होते, परंतु चौथीच्या मुलांना ते पटेल असे सांगता आले नाही.

बिया मोजण्याचे काम सोपे गेले : दहा-दहाचे ३८ गट आणि ६ सुट्या. त्यातल्या काही बिया आम्ही वाफ्यात लावल्या. वेलीवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात, मादी फुलाच्या देठापाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो आणि मधमाशी आली नाही तर तो गळून पडतो, हे मुलांना पुढे प्रत्यक्ष दाखवण्याचा विचार आहे.

आता अडचणी सांगते. तिसऱ्या आठवड्यात मी गोष्ट पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि म्हातारी जंगलात शिरताच थांबून जंगलाच्या प्रकारांकडे वळले. तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आज मोजू नका, नुसती गोष्ट सांगा.” ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण त्याचे बरोबर होते. गोष्टीचे मी इतके तुकडे केले होते की तिच्यातली भीती, म्हातारीची हुशारी, पुढे काय होईल ही उत्सुकता, सगळे विरून गेले होते. एखादी गोष्ट अभ्यासासाठी किती उकलावी आणि कुठे थांबावे, याबद्दल आपला अनुभव काय आहे?

दुसरी अडचण वाघाची आहे. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन’ ही फसवणूक ऐकून मुले खदखदून हसतात. आमच्या वर्गातली एक मुलगी मात्र त्या दिवशी हसली नाही. तिच्या मामाचे गाव उमरेडकडच्या जंगलालगत आहे आणि गेल्या उन्हाळ्यात मोहफुले वेचायला गेलेल्या शेजारच्या बाईवर वाघाने हल्ला केला होता. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी हा वाघ गोष्टीतला असेल. आमच्याकडे पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा जवळ आहेत, आणि वाघाची बातमी वरचेवर असते. या मुलीसमोर ही गोष्ट पुढे कशी न्यावी? वाघाच्या जागी दुसरा प्राणी आणावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यात पुष्कळ वर्षे शिक्षक होतो. वाघ काढू नका. तुम्ही काढलात तरी त्या मुलीच्या मनातून तो जाणार नाही, उलट वाघ हा वर्गात ज्याबद्दल बोलायचे नसते असा विषय होऊन बसेल. तिची इच्छा असेल तर तिला बोलू द्या, नसेल तर आग्रह करू नका. गोष्टीतली म्हातारी वाघासमोरून पळाली नाही, त्याच्याशी बोलत राहिली, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. मोहफुले वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत राहावे, फार वेळ वाकून बसू नये, वाघ दिसला तर पाठ फिरवून धावू नये, हे वनखात्याचे लोक गावोगाव सांगत असतात. परिसर अभ्यासाचा तो खरा पाठ आहे आणि तो त्या मुलीच्या मामाकडच्या माणसांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यांच्यापैकी कोणी वर्गात येऊन बोलले तर फार बरे होईल.

गोष्टीबद्दल माझा नियम असा होता : गोष्ट सांगताना एकदाही थांबायचे नाही. मोजमाप दुसऱ्या तासाला, आणि तेही मुलांनी स्वतः विचारलेल्या प्रश्नाचेच. “म्हातारी मावंल कशी” हा प्रश्न त्यांचा होता, म्हणून तो तास रंगला. जंगलाचे प्रकार तुमचे होते.

प्रतिसाद २

आठपटीसाठी सारख्या मापाचे लाकडी ठोकळे घ्यावेत. एक ठोकळा दाखवून त्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच ठोकळा मुलांनाच रचायला सांगावा. बहुतेक मुले आधी दोन लावतात, मग चार, आणि उंची राहिली हे दिसल्यावर आठ लावतात. शब्दांत काहीही सांगावे लागत नाही. ५६ किलोचा भोपळा म्हणजे थाप असे कोणाला वाटले, तर २०२१ साली इटलीत १,२२६ किलोचा भोपळा तोलला गेला होता, हे जरूर सांगावे.

आणखी एक विचार सुचवतो. गोष्टीतला भोपळा लालच होता का? लाल भोपळा मिरची आणि बटाट्यासारखाच मूळचा अमेरिकेचा, म्हणजे १४९२ नंतरच आपल्याकडे आलेला. दुध्या भोपळा मात्र आपल्याकडे फार जुना आहे, आणि हीच गोष्ट बंगालीत सांगतात तेव्हा म्हातारी दुध्यात बसते. त्याच्याच जातीचा गोल भोपळा वाळला की आतून पोकळ, हलका आणि टणक होतो. मिरजेत सतार आणि तंबोरा त्याचेच करतात, आणि पूर्वी विहिरीत पोहायला शिकताना तसाच भोपळा पाठीला बांधत असत. असा वाळका भोपळा वर्गात आणून मुलांना जमिनीवर गडगडवू द्यावा, आणि गोष्टीतला कोणता असेल हे त्यांनाच ठरवू द्यावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज मी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न थांबता सांगितली. ती मुलगी भोपळ्याच्या ओळीला वर्गाबरोबर हळूच म्हणू लागली. वाघाबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. तिच्या आईशी शनिवारी बोलणार आहे. ठोकळ्यांचा प्रयोग दुपारी केला आणि आठवा ठोकळा ठेवल्यावर वर्ग काही क्षण शांत झाला. नंतर ज्याने १४ किलो सर्वांत मोठ्याने सांगितले होते, त्याने स्वतःहून फळ्यावर सात आठे छप्पन्न लिहिले.

एक विनंती राहिली आहे. वर्गातली गोंडी बोलणारी चार मुले ही गोष्ट मराठीतच ऐकत आली आहेत. भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीकडे कोणी ही गोष्ट गोंडीत ऐकली असेल, तर म्हातारीची ती ओळ तिथे कशी म्हणतात, ते कृपया येथे लिहावे.