भिगवणला गेलो, रोहित (फ्लेमिंगो) एकही नाही. नेमकं जायचं तरी कधी?

प्राजक्ता_चिंचवड

नमस्कार मंडळी. 27 डिसेंबरला बाबांना घेऊन भिगवणला गेले होते. बाबा 71 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण वाढदिवसाला दुर्बीण मिळाल्यापासून रोज गच्चीत उभं राहून घारी मोजतात. पहाटे चारला निघालो, साडेसहाला कुंभारगावात. कडाक्याची थंडी, पाण्यावर वाफ, बोटही लगेच मिळाली. कुरव (सीगल) पुष्कळ, राखी बगळे, चित्रबलाक, झाडाच्या शेंड्यावर मासा धरून बसलेला एक कैकर. रोहित मात्र शून्य! नावाडीदादा म्हणाले, "अजून उतरले नाहीत, ताई." बाबा दौंडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पेपरात तर दिवाळीपासून 'सायबेरियाचे पाहुणे दाखल' असे फोटो येतात. मग आमचं काय चुकलं? जानेवारीअखेर परत जावं, की नाशिककडचं नांदूर मधमेश्वर गाठावं? आणि बोटीत चढताना बाबांचे हाल झाले. काठावरून काही दिसतं का?

पाटकरी

प्राजक्ताताई, चुकलं काही नाही. तुम्ही कॅलेंडर बघून गेलात. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, तिथे धरणाची टक्केवारी बघून जायचं असतं.

माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली, त्यामुळे मला पक्ष्यांआधी पाणी दिसतं. उजनी भरलं की साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला तळाचा 63 टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. पेपरात येते ती टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची, म्हणून उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी वाचता. तुम्ही गेलात तेव्हा पाणी काठोकाठ होतं. बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या की नाही, आठवून बघा. अशा पाण्यात रोहितने उतरायचं कुठे? त्याला पाय टेकायला हवेत. ढोपरभर पाणी आणि खाली मऊ गाळ, हा त्याचा हिशोब.

तो गाळ उघडा पडतो आवर्तनं सुरू झाली की. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटतं, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत सुटतं, आणि पाणी हळूहळू मागे सरकतं. भीमेचा हा काठ उताराला इतका पसरट की पाणी हातभर उतरलं तरी जमीन लांबवर मोकळी होते. आधी त्यावर तुतवार, शेकाटे, मालगुजे असे चिखलात चरणारे पक्षी येतात. मागून रोहित. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी फेब्रुवारी-मार्च, आणि तुटीच्या वर्षी बरंच आधी. 2023 ला धरण जेमतेम साठ टक्क्यांपर्यंत गेलं आणि 2024 च्या जानेवारीतच मायनसमध्ये उतरलं. त्या हंगामात मी डिसेंबरातच कोरड्या गाळावरून चाललो होतो. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि दुर्बीणवाले खूश, असा हा उलटा कारभार.

सायबेरियाचं म्हणाल तर बदकं, तुतवार येतात तिकडून. आपला रोहित कच्छच्या रणात वीण करणारा. त्याला सायबेरियाचा पाहुणा म्हणणं म्हणजे भुजच्या पावण्याला मॉस्कोचा म्हणणं. पण पेपरवाल्यांना कोण सांगणार?

जाल तेव्हा एक बघा. रोहित चोच उलटी करून, म्हणजे वरची बाजू खाली करून पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत बारीक जीव गाळून घेतो. त्याच वेळी पाय जागच्या जागी थापटत असतो, भात लावणीआधी चिखल तुडवतात तसा. थवा उठून गेल्यावर गाळात गोल गोल खळगी राहतात, मध्ये उंचवटा. ती दिसली की समजायचं, पंगत इथेच बसली होती.

बाबांसाठी: डिकसळच्या बाजूला काठावरूनही बरंच दिसतं. पट्टकादंब (डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हंस, हिमालय ओलांडून येतो) सकाळी काठच्या गवतावर चरायला असतात. त्यांना बोट लागतच नाही. आणि बोटीत बसलातच तर लाइफ जॅकेट मागून घ्या, पोहता येत असलं तरी. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटून सहा जण गेले. थंडीत वारं शांत असतं हे खरं, पण पाणी तेच आहे.

गोदाकाठ_निफाड

नांदूर मधमेश्वरचं मी सांगतो. बाबांच्या गुडघ्यांना आमचंच ठिकाण मानवेल. बोट नाही, चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, चालणं बेताचं. गोदावरी आणि कादवा इथे मिळतात, त्यावरचा बंधारा इंग्रजांच्या काळातला, गाळाने भरत भरत त्याचीच दलदल झाली. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या भरभरून. पण रोहितसाठीच यायचं असेल तर मी शब्द देणार नाही. आणि दोन स्वेटर आणा. निफाडची थंडी द्राक्षवाल्यांना विचारा, पहाटे शेकोट्या करतात बागेत.

तृणपाते

पाटकरीकाकांचं सगळं मान्य. माझी तक्रार वेगळी. कुरवांना बोटीतून शेव-फरसाण टाकणं बंद करा हो! फोटोत पंख छान येतात म्हणून सगळे टाकतात. मागच्या रविवारी माझ्या शेजारच्या बोटीतून अख्खा पुडा रिकामा केला, वर प्लॅस्टिकही पाण्यात.

कुंभारगावची_लेक

माझे वडील बोट चालवतात, म्हणून बोलते. शेव आम्ही टाकत नाही, गिऱ्हाईक पिशवीत घेऊन येतं. नाही म्हटलं की "त्या बोटवाल्याने टाकू दिलं होतं" म्हणतात आणि पुढच्या वेळी त्याच्याकडे जातात. आमच्याकडे सकाळच्या दोन फेऱ्या गेल्या की दिवस गेला. तरी वडील आता नाही म्हणतात. तुम्ही लोकांनी चढतानाच सांगा, "दादा, आम्हाला काही टाकायचं नाही, आणि थवा उडवायचा नाही." मग नावाड्यालाही जोर येतो. उडता थवा पाहिजे म्हणून बोट अंगावर घालायला लावणारेही बरेच असतात.

ताई, गुडघ्यांचं आधी फोनवर सांगा. पाणी उतरलं की चिखल वाढतो, धक्क्यापर्यंत फळी टाकावी लागते. बोटीत खुर्ची ठेवतो आम्ही. दुपारी चिलापी माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी खाऊन जा.

तृणपाते

हे मला माहीत नव्हतं. सॉरी.

प्राजक्ता_चिंचवड

पाटकरीकाका, रोज सकाळी बाबा आता पेपरात राशिभविष्याआधी उजनी बघतात. घरात वैताग आलाय, पण तुमचं ऐकून थांबलो. 22 फेब्रुवारीला गेलो. डिसेंबरात जिथे बोट लागली होती तिथे शेळ्या चरत होत्या.

लेकीचं ऐकून आधीच सांगून ठेवलं होतं. दादांनी बोट बरीच लांब थांबवली, मोटर बंद केली आणि ऊन पाठीशी येईल अशी वळवून दिली. बाबा खुर्चीवर. पाऊण तास कुणी काही बोललं नाही. नुसता गाईंच्या पाणवठ्यावर असतो तसा चुबुकचुबुक आवाज आणि मधूनच हंसासारखं भसाड्या गळ्याचं ओरडणं. बाबांनी 118 मोजले. मग शंका आली म्हणून पहिल्यापासून मोजले, तेव्हा 131 निघाले. वहीत दोन्ही आकडे लिहिलेत.

एक विचारायचंय. थव्यात नऊ-दहा मळकट राखाडी होते, पाय पण काळपट. बाबा म्हणतात ते वेगळे पक्षी, मी म्हणते आजारी असतील. कोण बरोबर?

पाटकरी

दोघंही नाही. ती पोरं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून चढतो, नीट भरायला तीन-चार वर्षं जातात. बाबांना सांगा, 131 मध्ये धरायची तीही.