टर्मिनसवर गाडी थांबलीच नाही तर? बफर, ब्रेक आणि डेडमॅन

कोपर_खाडी (प्रश्न)

28 जून 2015 रोजी भाईंदरहून आलेली लोकल चर्चगेटच्या 3 नंबर फलाटावर न थांबता बफर (रुळाच्या टोकाला गाडी अडवणारा अडथळा) ओलांडून वर चढली. तेव्हापासूनचे तीन प्रश्न. रुळाच्या टोकाचा बफर किती वेगाची गाडी झेलतो? 'ब्रेक फेल' म्हणजे नक्की काय होतं? आणि मोटरमनच्या हाताखाली डेडमॅन हँडल (हात सुटला की आपोआप ब्रेक लावणारी दांडी) असताना गाडी शेवटपर्यंत येतेच कशी?

गेज१६७६

पहिल्याचं उत्तर देतो. बफरकडून लोकांची अपेक्षा फार मोठी असते.

थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. दर सेकंदाला 1.5 मीटर/सेकंद इतका वेग कमी होत गेला (हा जवळपास इमर्जन्सी ब्रेकसारखाच झटका झाला), तर ताशी 10 किमीच्या गाडीला 2.6 मीटर लागतात, 20 किमीला 10 मीटरच्या वर आणि 30 किमीला 23 मीटर. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) बफरचा दट्ट्या आत जातो तो फार तर दोन-तीन मीटर. म्हणजे ताशी 10 किमीच्या पुढे त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. काँक्रीटचा ठोकळा असेल तर तेवढंही नाही, तिथे चुरा डब्याचाच होतो.

यापेक्षा घर्षणाचा बफर बरा. हा सांगाडा रुळाच्या डोक्याला चापांनी आवळलेला असतो आणि धडक बसली की गाडीसकट मागे घसरत जातो. पण त्याला मागे घसरायला मोकळी जागा हवी, आणि मुंबईत नेमकी तीच नसते. चापांखालच्या रुळावर तेल-ग्रीस असेल तर पकड जाते, बोल्ट ढिले झाले तरी तेच. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: बफरचा जोर ठरलेला असतो. तो भरलेल्या गाडीसाठी लावला असेल तर रिकाम्या, हलक्या गाडीला झटका जास्त बसतो.

अँगलकॉक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे ब्रेक पाइपमध्ये (सगळ्या डब्यांतून जाणारी हवेची नळी) 5 किलो/चौ. सेंमी दाब असतो आणि दाब *उतरला* की ब्रेक लागतात. डब्यांना जोडणारा होज (रबरी नळी) फुटला तर गाडी आपोआप थांबते. त्यामुळे खरा धोका हवा सुटण्याचा नसून हवा अडकण्याचा आहे. दोन डब्यांमधला अँगल कॉक (ब्रेक पाइप उघडणारी-बंद करणारी तोटी) बंद राहिला की त्याच्या मागच्या पाइपमधला दाब उतरतच नाही. ड्रायव्हरच्या गेजवर सगळं ठीक दिसतं, पण मागचे डबे ब्रेक लावत नाहीत, उलट ढकलत राहतात. 15 जानेवारी 1953 ला वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात असंच झालं, इंजिन हॉलची जमीन फोडून तळघरात गेलं.

पॅरिसचं गार द लियों, 27 जून 1988: 56 मृत्यू. प्रवाशाने साखळी ओढली, ती पूर्ववत करताना ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला, मागे दाब परत चढलाच नाही आणि मागच्या डब्यांचे ब्रेक आवळलेले राहिले. पाइपात हवा कोंडली आहे असं समजून ते हाताने हवा सोडून मोकळे केले. आता ब्रेक उरले फक्त पहिल्या डब्याला, आणि पुढे पॅरिसपर्यंत उतार. वेळ भरून काढायला मधला एक थांबा वगळला नसता तर तिथेच कळलं असतं.

म्हणून सुटण्याआधी पुढून दाब उतरवायचा आणि *गार्डच्या* डब्यातल्या गेजचा काटा खाली येऊन परत चढतो का ते पाहायचं. दोन्ही हालचाली दिसायला हव्यात. कॉकला हात लागला, डबे जोडले-तोडले किंवा इंजिन बदललं की चाचणी पुन्हा. सुटल्यावर वेग थोडा वाढवून ब्रेक लावून बघायचा तो वेगळा. दाब उतरवताना हवेचा फुसकारा नेहमीपेक्षा लवकर संपला तर पाइप कुठेतरी मध्येच बंद आहे असं समजावं.

होम_सिग्नल

डेडमॅन हात *सुटला* तर काम करतं. हात दाबलेलाच राहिला तर त्याच्या लेखी सगळं सुरळीत असतं. लंडनचं मूरगेट, 28 फेब्रुवारी 1975: ड्रायव्हरने हँडल सोडलं नाही आणि ब्रेकही लावला नाही. ताशी 48 ते 64 किमीने गाडी वाळूचा पट्टा, हायड्रॉलिक बफर आणि मग भिंत. 43 मृत्यू, पहिला 16 मीटरचा डबा 6 मीटरचा झाला. त्यानंतर तिथल्या टोकाच्या फलाटांवर वेळ मोजणारे ट्रेन-स्टॉप बसले: ठरलेल्या वेळेआधी गाडी पोचली तर रुळाजवळचा उभा दांडा गाडीचा ट्रिपकॉक (ब्रेक पाइपची हवा सोडणारी झडप) पाडतो आणि ब्रेक लागतो. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर हेच काम टीपीडब्ल्यूएस या सुरक्षा यंत्रणेची रुळांमधली वेटोळी करतात. बफरआधी वेग ताशी 20 किमीच्या वर असेल तर ब्रेक.

अमेरिकेत हॉबोकेनला (29 सप्टेंबर 2016) मर्यादा होती 16 किमी, गाडी धडकली 34 ने. इंजिनियरला (तिथे ड्रायव्हरला हेच म्हणतात) निदान न झालेला झोपेतला श्वासरोध होता, आणि टर्मिनसचे रूळ स्वयंचलित नियंत्रणाच्या सक्तीतून वगळलेले होते.

एरवी आपल्याकडे बहुदर्शी (लाल, पिवळा, हिरवा असे अनेक रंग दाखवणाऱ्या) सिग्नलमध्ये लालच्या पुढे 120 मीटर रूळ मोकळा राखतात. चुकलं तर तेवढी मुभा. टर्मिनसच्या बफरपुढे शून्य. खरं तर नियंत्रण सगळ्यात कडक तिथेच हवं. वेग फलाटात शिरण्याआधीच उतरला पाहिजे.

कोपर_खाडी

आभारी आहे. मग ताशी 20-25 किमीला इतकी माणसं का दगावतात?

गेज१६७६

कारण लवकर बाहेर पडायला सगळे पुढच्या डब्यांत, तेही उभे. ब्वेनोस आइरेसच्या ओन्से स्थानकात 22 फेब्रुवारी 2012 ला सकाळच्या गर्दीत 51 जण गेले, वेग 26 किमीच्या आतबाहेर होता. दुसरा डबा पहिल्यात घुसला.

अँगलकॉक

गाडी रिकामी झाली म्हणजे धोका संपला असंही नाही. मथुरेत 26 सप्टेंबर 2023 ला प्रवासी उतरल्यावर ईएमयू (विजेवरची लोकल) फलाटावर चढली. कॅबच्या सीसीटीव्हीत कर्मचाऱ्याने थ्रॉटलवर (वेग वाढवायच्या दांड्यावर) बॅग ठेवल्याचं दिसलं. कॅब सोडताना क्रम हाच: ब्रेक लावलेला, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मधोमध, चावी काढून हातात, आणि पुढचा माणूस ताबा घेईपर्यंत डेस्कवर डबा-पिशवी काही नाही.