मदत हवी आहे : महागडा गॅस ग्रिल टिकेल का, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही फ्लोरिडात, समुद्रापासून दोन मैलांवर राहतो. चार वर्षांपूर्वीच्या ग्रिलचे बर्नर खाऱ्या हवेने पार खाल्ले. परवा साफ करताना एका नळीचा तुकडाच हातात आला. आता २,००० डॉलरचा ग्रिल बघतोय, म्हणून धास्ती वाटते.

दुकानात खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. (बायको म्हणाली, भंगारवाला शोभतोस!) झाकणाला तो चिकटला नाही, म्हणजे ३०४ (निकेल असलेलं, गंजाला जास्त टिकणारं) स्टील असावं. पण दारांना आणि आतल्या पत्र्याला टपकन चिकटला, म्हणजे तिथे निकेल जवळजवळ नसलेलं, लवकर गंजणारं ४३० स्टील दिसतंय. विक्रेता आपला "सगळं स्टेनलेसच आहे" एवढंच म्हणतो. झाकण उघडताना डुगडुगत होतं, तेही खटकलं.

चुंबक न चिकटणं पुरेसं मानायचं का? बर्नरचा पत्रा किती जाड हवा? बर्नर बसतात ती पेटी ओतीव ॲल्युमिनियमची घेतली तर गंज तरी चढणार नाही ना? वॉरंटीत बर्नरला १० वर्षं दिलीत, पण खाली बारीक अक्षरात "गंज वगळून"! समुद्राकाठी कुणी सात-आठ वर्षं एकच ग्रिल वापरलाय का? कव्हर घालता की त्यानेच दमटपणा कोंडतो?