घोटा मुरगळल्यानंतर परत मैदानावर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी मुलगी खो-खो खेळते. पळताना एकदम दिशा बदलली, पाऊल आत वळलं आणि घोटा मुरगळला. एक्स-रेत हाडं शाबूत आहेत, पण बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा, ताणलंय.

तेव्हापासून मी पायाच्या रचनेबद्दल वाचतेय. एका पावलात 26 हाडं! नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड, म्हणजे टिबिया आणि फिब्युला, यांच्या बेचक्यात टॅलस हे घोट्याचं हाड बसतं. या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो, हे मला फारच नवलाचं वाटलं. घोट्याच्या आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट जाड, भक्कम. बाहेर मात्र तीन वेगळे पट्टे, आणि त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर. पाऊल आत वळलं की आधी तोच दुखावतो.

आता सूज उतरलीय. इथले फिजिओथेरपिस्ट आणि खेळाडू सांगतील का, एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम कधी सुरू करावेत? परत खेळताना टेपिंग (घोट्याला चिकटपट्टी गुंडाळणं) बरं की अँकल ब्रेस (घोट्याचा तयार आधारपट्टा)? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभवही हवेत. तिला खेळायची फार घाई झालीय आणि मला तोच घोटा पुन्हा मुरगळण्याची धास्ती वाटते.