फ्रीजरात ठेवलेल्या रक्तातली चरबी मरते म्हणे!

शहापूरचा लॅबवाला: काल टिळकवाडीकरांनी लिवलंय, लॅबवाले रक्त फ्रीजरात ठेवतात, चरबी मरते, रिपोर्ट खोटा, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करा. डोकं फिरलं वाचून. अवो, रोजचं लिपिड प्रोफाइल, म्हंजे रक्तातल्या चरबीची तपासणी, त्याच दिवशी मशीनला लागतं, फ्रीजर कुठनं आला मधे? आणि रक्त तसंच कोण गोठवत नाही, पेशी फुटतात, म्हणून सेंट्रिफ्यूज मशीनमधे गरगर फिरवून वर येतंय ते पिवळं सीरम ठेवतात. वर्षानुवर्षं साठवणारे रिसर्चवाले, ते पण उणे ८० डिग्रीला. तिथं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (ही पण रक्तातली चरबीच) फारसं हलत नाही.

खानापूरकर: उणे ८० कागदावर! आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की रात्रभर पत्ता नाही. कितींदा वितळलं नि परत गोठलं, कोण लिहून ठेवतंय?

निपाणीची पोरगी: एमएस्सीला आमच्या तांबड्या पेशी साध्या उणे २० च्या फ्रीजरात ठेवलेल्या, ओमेगा-३ ह्या नाजूक फॅटी ॲसिडचे आकडे काही आठवड्यांतच घसरले. हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडेशन पेटवतं. सगळा प्रोजेक्ट पाण्यात, आणि सर म्हणतात तूच नीट केलं नसशील!

शहापूरचा लॅबवाला: बरं बाई, उणे २० ला नाजूक फॅटी ॲसिड जातात, लायपेज नावाचं एन्झाइम चरबी तोडत बसतं, एचडीएल म्हंजे चांगलं कोलेस्टेरॉल पण डळमळतं. मान्य, पेढे वाटू? पण टिळकवाडीकरांचा रिपोर्ट ताज्या सॅम्पलचा हाय!

खानापूरकर: ताजं? आमचं बेंगळुरूला गेलेलं, पाचशे किलोमीटर! कोल्हापूर शंभर-सव्वाशेवर असताना!

कॅम्पवाला: आला सीमाप्रश्न! रक्ताच्या बाटलीत पण?

खानापूरकर: मग कुठं काढू? सातबारा तिकडं, दाखला तिकडं, आता रक्त पण तिकडंच. तुम्हा कॅम्पातल्यांना काय कळणार!

कॅम्पवाला: तोंड सांभाळून. माझा बा ह्याच प्रश्नात तुरुंगात जाऊन आलाय.

निपाणीची पोरगी: चरबीवर बोलायलोय ना आपण?

शहापूरचा लॅबवाला: टिळकवाडीकर, आदल्या रात्री आपली बेळगावची मिठाई, कुंदा, हाणून आलेला का? ट्रायग्लिसराइड ४०० वर गेलं की हिशेबानं काढलेलं एलडीएल, म्हंजे वाईट कोलेस्टेरॉल, धरायचंच नाही.

टिळकवाडीकर: कुंदा नाही, काय नाही. गोळ्या सोडून दोन महिने झाले, एलडीएल १६० चं ११५ आलंय. रिपोर्ट हाय माझ्याकडं.

शहापूरचा लॅबवाला: रिपोर्ट खोटा ना वो?

टिळकवाडीकर: ही लॅब वेगळी हाय.